परक्याची भाषा कशासाठी शिकायची?



शाळा सुरू व्हायचे दिवस आले की मिस्सानंतर आवारात पालक हमखास एक प्रश्न विचारतात. मुलाला आठवीत भाषा निवडायची आहे. संस्कृत घ्यावी, पूर्ण हिंदी घ्यावी, की शहरातल्या शाळेत फ्रेंच-जर्मन मिळते तिकडे घालावे? त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : "फादर, पण त्याचा उपयोग काय? मार्क तरी पडतात का?"

या प्रश्नाला हसू नये. ज्याचे घर कपाशीच्या दोन वेचण्यांवर किंवा महिन्याच्या पगारावर चालते, त्याने लेकराच्या शिक्षणाचा हिशेब करायचा नाही तर कोणी करायचा? पण 'उपयोग काय' हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. त्याचा थोडा विचार आज या पानावर करू या.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. काही मैत्री कामापुरती असते, काही आनंदासाठी असते आणि काही त्या माणसासाठीच असते. पहिल्या दोन वाईट नाहीत, पण काम संपले, आनंद ओसरला की त्या सुटतात. तिसरी टिकते. संत थॉमस अक्वायनस यांनीही चांगल्या गोष्टींची अशीच विभागणी स्वीकारली : उपयोगाचे, आनंदाचे आणि स्वतःच्याच मोलाने चांगले असलेले. माणूस भाषेशी जी मैत्री करतो, तीही या तीनच प्रकारची असते असे मला वाटते.

आधी कामापुरती मैत्री पाहू. अजिंठ्याची लेणी जळगावहून साठ किलोमीटरवर आहेत. जगभरातून, विशेषतः जपानसारख्या बौद्ध परंपरेच्या देशांतून, तिथे माणसे येतात. परदेशी भाषा नीट येणाऱ्या वाटाड्याला तिथे मान आहे आणि कामही आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि उमेदवारांना जर्मन भाषा शिकवण्याची योजना त्याला जोडली. केरळच्या किती तरी परिचारिका जर्मन शिकून तिकडच्या रुग्णालयांत सेवा करीत आहेत. तेव्हा भाषेने पोट भरते हे खरेच आहे. त्यात कमीपणा काही नाही; भाकरीची प्रार्थना आपण रोजच करतो.

हे फक्त मोठ्या शहरांनाच जमते असेही नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट या गावची जिल्हा परिषद शाळा २०२० साली वर्तमानपत्रांत गाजली होती. गावाला रस्ताही धड नव्हता. पण तिथली मुले इंटरनेटवरून जपानी शिकत होती. कोणती परदेशी भाषा शिकाल, असे मुलांनाच विचारले होते. यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांची ओढ असल्याने त्यांनी जपानी निवडली. उपयोगाचा विचार त्यांनीही केला, पण निवड त्यांची होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

कामापुरत्या मैत्रीची मर्यादा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मार्कांसाठी घेतलेली भाषा निकालानंतर महिनाभरात पुसून जाते. घोकून पाठ केलेले शब्द माणसापर्यंत पोहोचत नाहीत. परदेशी भाषेतले दहा-बारा शब्द येत असले तर वस्तू विकता येते, पण 'तुमचे आईवडील आहेत का? घरी कोण कोण असतं?' एवढे विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला दहा शब्द पुरत नाहीत. तिथे दुसऱ्या प्रकारची मैत्री लागते.

आनंदाची मैत्री मुले मोठ्यांपेक्षा लवकर करतात. आपल्या खानदेशातले उदाहरण घ्या. अहिराणीत 'रामचे घर' याला 'रामनं घर' म्हणतात. सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या माणसाला गुजराती शेजारी 'रामनुं घर' म्हणताना ऐकू येतो, आणि त्याला वाटते, अरे, हे तर आपलेच! म्हणजे ज्या बोलीला शाळेत 'अशुद्ध मराठी' म्हणून टोकले गेले, तिचे एक बोट मराठीच्या हातात आणि दुसरे गुजरातीच्या हातात आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०७ च्या खंडात खानदेशीचा विचार मराठीबरोबर नव्हे, तर भिल्ली भाषांबरोबर केला. ती कुणाची बिघडलेली भाषा नव्हे, तिचा स्वतःचा घाट आहे.

आता परकी भाषा शिकताना आपलीच भाषा कशी नव्याने दिसते ते पाहा. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. 'आम्ही जेवायला बसतो' म्हटले तर समोरचा पाहुणा बाहेर राहिला. 'आपण जेवायला बसू' म्हटले तर तो पंगतीत आला. फ्रेंच, जर्मन, हिंदी या भाषांनाही हा भेद अशा दोन शब्दांनी करण्याची सोय नाही. मराठी बोलणारे मूल हा भेद दिवसात शंभर वेळा करते, पण ते काय करते आहे हे त्याला दुसरी भाषा शिकेपर्यंत कळत नाही. आणखी गंमत म्हणजे, हा भेद मराठीत द्रविड भाषांच्या शेजारामुळे आला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पाहुण्याला आत घेणारा हा शब्दवापरही आपण शेजाऱ्याकडूनच शिकलो असू. पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, वकील फारसीतून आला. कुठल्याच भाषेने घराची दारे बंद करून संसार केलेला नाही.

दुसरी भाषा शिकल्याने मुलांची बुद्धी तल्लख होते, स्मरणशक्ती वाढते असेही आजकाल सांगतात. त्यावर संशोधकांत अजून एकमत नाही, म्हणून त्या दाव्यावर मी भिस्त ठेवत नाही. मला जो लाभ मोठा वाटतो तो बुद्धीपेक्षा मनाचा आहे. तिथेच तिसरी मैत्री सुरू होते.

नवी भाषा शिकणारा माणूस पुन्हा लहान होतो. वकील असो, प्राध्यापक असो, त्याला 'पाणी द्या' म्हणायला अडखळावे लागते. तो चुकतो, समोरचे हसतात, तो पुन्हा म्हणतो. आपल्याला येत नाही आणि समोरच्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला ते येते, हे त्याला मान्य करावे लागते. नम्रतेचा याहून सरळ पाठ मला ठाऊक नाही. तो पाठ लहानपणीच मिळाला, तर मोठेपणी दुसऱ्याच्या बोलण्याला हसायची सवय लागत नाही.

आपल्या मातीत असे शिकणारे होऊन गेले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. १९३० च्या सत्याग्रहात त्यांना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ठेवले. तिथे ते दक्षिणेच्या सोबत्यांकडून तमिळ शिकले आणि पुढे तिरुक्कुरळ हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी 'आंतरभारती'चे स्वप्न मांडले : एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा प्रेमाने शिकावी. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत, आणि ते बोलणे गुरुजी उतरवून घेत. तेच 'गीता प्रवचने' हे पुस्तक. विनोबांनी बडोद्याच्या शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली होती. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात वेल्लोरला ते दक्षिणेतल्या चारही भाषा शिकले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबीचा अभ्यास केला. यातल्या कुठल्याच भाषेने त्यांना नोकरी दिली नाही. शेजाऱ्याचा धर्म दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्याच्याच शब्दांत ऐकावा, एवढाच हेतू. अफवांवर पेटणाऱ्या आपल्या काळात हा उपयोग लहान म्हणायचा का?

पंडिता रमाबाईंनी हेच उलट दिशेने केले. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या. पण केडगावच्या मुक्ती सदनातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना पवित्र शास्त्र समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते सोप्या मराठीत उतरवले. १९२२ साली त्या वारल्या, त्यानंतर १९२४ मध्ये ते छापून निघाले. दूरच्या दोन प्राचीन भाषा शिकायच्या, त्या कशासाठी, तर शेजारी बसलेल्या बाईला कळावे म्हणून!

आणि फादर थॉमस स्टीफन्स यांना विसरून कसे चालेल? हे येशूसंघीय धर्मगुरू मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात आले आणि लोकांची भाषा शिकले. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले, तेही ओवीत, म्हणजे इथल्या माणसाच्या कानाला जी चाल ठाऊक होती तिच्यात. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. परक्याने आपली भाषा शिकली की आपल्याला मान मिळाल्यासारखे वाटते. आपण परक्याची शिकलो तर त्यालाही तसेच वाटत असणार.

पण बंधू-भगिनींनो, याच गोव्याने दुसरी बाजूही पाहिली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने आज्ञा काढली की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा शिकावी आणि आपली भाषा सोडावी. त्या आज्ञेमागे काही धर्मगुरूंचाही आग्रह होता, हे आपण लपवू नये. ज्या भूमीत एक धर्मगुरू लोकांची भाषा शिकून मोठा झाला, तिथेच सत्तर वर्षांच्या आत लोकांची जीभ कापायचा हुकूम निघाला. कोकणी मेली नाही. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली. पण मधल्या काळात किती लेकरांनी आपल्या आईच्या बोलीची लाज बाळगली असेल, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

भाषा शिकणे आणि भाषा लादणे यांत एवढे अंतर आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. लॅटिन ते दाईंच्या लाडात, हसत-खेळत शिकले. ग्रीक मात्र शाळेत, छडीच्या धाकाने शिकावी लागली, आणि तिचा त्यांना तिटकारा आला. भीतीपेक्षा मोकळे कुतूहल भाषा चांगली शिकवते, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. एवढ्या मोठ्या विचारवंताचे ग्रीक कच्चेच राहिले, त्यात त्या छडीचाही वाटा असावा.

महाराष्ट्रात २०२५ साली हाच प्रश्न रस्त्यावर आला. १६ एप्रिलला शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य करण्याचा निर्णय काढला. १७ जूनला त्यात बदल केला : हिंदी सर्वसाधारणपणे राहील, पण वर्गातल्या निदान वीस मुलांनी मागितली तर दुसरी भारतीय भाषा घेता येईल. विरोध वाढला तेव्हा २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे ठरले. राजकीय पक्षांपैकी कोण बरोबर, हे सांगण्याची ही जागा नव्हे. पण त्या गदारोळात 'हिंदी नको' आणि 'सक्ती नको' ही दोन वाक्ये एकच समजली गेली, हे मला खटकले. दुसरे वाक्य न्यायाचे आहे. पहिले, तेवढेच घेतले तर, घराची खिडकी बंद करणारे आहे. हिंदी असो, तमिळ असो की जर्मन, कुठलीही भाषा आपली शत्रू नसते. तिच्या आडून कुणी हुकूम चालवतो तेव्हा राग त्या हुकमावर असावा, भाषेवर नको.

आता सगळ्यांत जवळची आणि दुखरी गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतल्या पाड्यांवर राहणारे लेकरू घरी पावरी किंवा भिल्ली बोलते. बाजारात ते अहिराणी समजून घेते. शाळेत पुस्तकी मराठी, चित्रपटात हिंदी, आणि पहिलीपासून इंग्रजी. सहा-सात वर्षांच्या वयात ते पाच भाषांशी झुंजत असते. शहरातल्या मुलाला दोन परदेशी वाक्ये आली की पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायला सांगतात. पाच भाषांत वावरणाऱ्या या मुलाला आपण 'कच्चा' म्हणतो. तो 'मला' ऐवजी 'माले' म्हणाला की वर्ग हसतो. हा न्याय आहे का?

युनेस्कोने १९५३ सालीच सांगितले होते की मुलाचे पहिले शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे. घरची भाषा हा पाया आहे. ज्या मुलाला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटते, ते दुसऱ्याच्या भाषेत पाहुणा म्हणून जात नाही, आसरा शोधत जाते. मग नवी भाषा शिकणे म्हणजे जुने घर सोडून पळणे होते. बहिणाबाई चौधरी आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांची गाणी शेतात-घरात बोलल्या जाणाऱ्या लेवा गणबोलीत आहेत. त्या बोलीला 'सुधारून' घेतले असते तर मराठीचेच नुकसान झाले असते.

आपला प्रभूसुद्धा गालीली बोली बोलत होता. जेरुसलेममधल्या लोकांना ती गावंढळ वाटत असावी; महायाजकाच्या अंगणात पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलण्याच्या ढंगावरूनच. शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले गेले, पण लिहिणाऱ्यांनी 'अब्बा' आणि 'एफ्फाथा' असे काही शब्द त्या बोलीतच राहू दिले, पुसले नाहीत. पेन्टेकॉस्टच्या दिवशीही सगळे एकच भाषा बोलू लागले नाहीत. प्रत्येकाला ते बोलणे आपापल्या भाषेत कळले. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना लॅटिन मिस्सा आठवत असेल. मराठीत पहिल्यांदा मिस्सा ऐकताना काय वाटले, हे त्यांनी नातवंडांना जरूर सांगावे.

म्हणून पालकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. मुलाला परकी भाषा शिकू द्या. जमेल ती, मिळेल ती. नोकरीसाठी शिकला तरी चालेल, पण तेवढ्यावर थांबवू नका. निवडताना त्याला विचारा. आणि ती शिकण्यासाठी घरची बोली त्याच्याकडून काढून घेऊ नका. ज्याच्या घरात आजी अहिराणीत गोष्ट सांगते, त्याने ती ऐकलीच पाहिजे. त्याचे फ्रेंच त्यामुळे बिघडणार नाही.

फी भरून शिकणे सगळ्यांना परवडत नाही, हे मी जाणतो. पण आपल्याच धर्मग्रामात अहिराणी आहे, पावरी आहे, कोकणी आहे, धर्मभगिनींची मल्याळम आहे, रेल्वेच्या बदलीवर आलेल्या कुटुंबांची तमिळ आहे. दर रविवारी आपण एकाच बाकावर बसतो आणि शांतीचे अभिवादन देतो. शेजारच्याच्या भाषेत 'कसे आहात' कसे म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे का? या महिन्यात प्रत्येक घराने निदान एका शेजाऱ्याच्या भाषेतली पाच वाक्ये त्याच्याकडूनच शिकावीत. मुलांना शिकायला पाठवा, आणि स्वतःही जा. पावरी बोलणाऱ्या आजीबाईंना कुणी पहिल्यांदाच 'मला शिकवा' म्हणेल, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा.

'एफ्फाथा' म्हणजे 'मोकळा हो'. प्रभूने हा शब्द बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला उद्देशून उच्चारला, तेव्हा आधी त्याचे कान उघडले आणि मग जीभ सुटली. भाषा शिकण्याचाही हाच क्रम आहे : आधी ऐकायचे, मग बोलायचे. आपल्या लेकरांचे कान असे उघडले, तर 'आम्ही' आणि 'ते' म्हणणाऱ्या या जगात 'आपण' म्हणणारी थोडी माणसे वाढतील. उपयोग विचारलात, तर मला तरी हाच सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू